गप्पीचे रंग आणि आनुवंशिकता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी जिन्याखाली काचेचे नऊ टँक आहेत, आणि गच्चीवर थर्माकोलचे खोके व निळं बॅरल कापून केलेल्या दोन टाक्या. त्यांत मी गप्पीच्या दोन लाइन, म्हणजे पिढ्यानपिढ्या निवडून जपलेले दोन वंश, सांभाळते. रविवारी कुणी ना कुणी जोडी न्यायला येतं आणि जिन्यात उभं राहून तेच प्रश्न विचारतं. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतेय. भर गप्पीवरच आहे. तीन-चार महिन्यांत पुढची पिढी तयार होते, त्यामुळे रंगांचा हिशेब शिकायला याहून सोपा मासा नाही. फायटर, एंजल आणि गोल्डफिश गरज पडेल तिथं आले आहेत.

काकू, नर चांगला रंगीत घेतला आणि मादी साधीच घेतली, तर पिल्लं रंगीत होतील ना?

होतीलही, पण कसली होतील ते सांगता येणार नाही. गप्पीची मादी दिसायला फिकट असते, तरी तिच्या पोटी जन्मणाऱ्या नरांच्या रंगातला मोठा वाटा तिचा असतो. तिच्या अंगावर ते रंग उमटत नाहीत एवढंच. म्हैस घेताना आई किती दुधाची होती, रेडा कुठला, हे विचारल्याशिवाय आपल्याकडं कुणी पैसे काढत नाही. गप्पी घेताना मात्र नराची शेपटी बघून पाकीट निघतं आणि मादी दुकानदार देईल ती. मादीचे भाऊ कसे दिसतात ते विचारा. शक्य असेल तर तिच्या भावांचा टँक डोळ्यांनी बघा. मादीचं कूळ कळायला दुसरा सोपा मार्ग नाही.

दुकानातून जोडी आणली. पहिल्या वेताला भलतीच पिल्लं निघाली. मला फसवलं का?

बहुतेक वेळा फसवलेलं नसतं. मादी आधीच गाभण असते.

माझी स्वतःची सुरुवात अशीच झाली. एका दुकानातून निळ्या मॉस्कोची, म्हणजे गडद रंगाच्या एका गप्पी प्रकाराची, जोडी आणली, किंमत माझ्या तेव्हाच्या ऐपतीला जड होती. सव्वीस दिवसांनी बत्तीस पिल्लं झाली. दोन महिन्यांनी नरांवर रंग चढायला लागला, तर अर्ध्याहून जास्त नरांच्या अंगावर सापाच्या कातडीसारखी जाळी. मॉस्कोचा गडद रंग बहुतेक लाइनमध्ये बापाकडून थेट मुलाकडं जातो. म्हणजे पिल्लं माझ्या नराची असती, तर सगळे नर गडद निळे दिसायला हवे होते. तसे फक्त चार होते. बाकीच्यांचा बाप दुकानाच्या टँकमधलाच कुणीतरी होता.

गप्पीची मादी एकदा मिळालेलं शुक्र अनेक महिने शरीरात साठवून ठेवते. नर नसतानाही त्यावर ती एकामागून एक वेत देत राहते. दर वेताला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. दुकानात नर-माद्या एकत्रच असतात, त्यामुळे तिथली मोठी मादी कोरी, म्हणजे नराचा संबंध न आलेली, असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. लाइन करायची असेल तर तिच्या पिल्लांपासून हिशेब सुरू करा, तिच्यापासून नको.

कोरी मादी मिळवायची कशी?

सगळ्या प्रश्नांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. महागडी जोडी, भारी खाद्य, मोठे टँक, सगळं यानंतर.

पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली की त्यांना काचेच्या ग्लासात एकेक करून घ्या. मागून मोबाइलचा टॉर्च धरा. पोटाच्या मागच्या टोकाला, शेपटीकडच्या पंखाच्या जरा वर, मादीला करडा ठिपका दिसतो. पहिल्यांदा तो धुरकट असतो, मिरीच्या दाण्याची सावली पडावी तसा. मग रोज थोडा गडद होतो. नराला तो नसतो, आणि महिन्याभरात त्याचा पोटाखालचा मागचा पंख निमुळता होऊन काडीसारखा दिसायला लागतो. या काडीनंच नर शुक्र देतो. ती तयार होण्याआधी माद्या बाहेर काढायच्या. मी चौथा आठवडा ओलांडू देत नाही. शंका असेल त्या पिल्लाला वेगळ्या बरणीत ठेवा, माद्यांत टाकू नका. एक नर चुकून राहिला तर अख्खा टँक वाया जातो. माझा दोनदा गेलाय.

प्रभावी, अप्रभावी म्हणजे नेमकं काय? शाळेत झालं होतं, आता आठवत नाही.

नववीच्या विज्ञानातलं मेंडेलचं वाटाण्याचं प्रकरण आठवा. १८६६ साली छापलेला तो हिशेब गप्पीलाही तसाच लागू पडतो.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. गप्पीच्या अंगाचा मूळ रंग राखाडी. त्याची प्रत ‘रा’ म्हणू. ब्लाँड नावाचा एक फिका प्रकार आहे. त्यात अंगातल्या काळ्या रंगपेशी फार लहान असतात, त्यामुळे मासा पिवळट दिसतो आणि शेपटीचा लाल अधिक उठून येतो. त्याची प्रत ‘ब’ म्हणू. ब्लाँड अप्रभावी आहे. म्हणजे ब-ब असेल तरच मासा ब्लाँड दिसतो. रा-रा राखाडी दिसतो आणि रा-बसुद्धा राखाडीच दिसतो.

आता शुद्ध राखाडी नर आणि ब्लाँड मादी जोडली, तर सगळी पिल्लं रा-ब. सगळी राखाडी. इथं बरेच जण निराश होतात आणि पिल्लं वाटून टाकतात. तसं करू नका, ब्लाँड त्यांच्या आत आहे. त्याच भावंडांची जोडी लावली की पुढच्या पिढीत सरासरी चारांत एक ब्लाँड निघतो. उरलेल्या तीन राखाडींपैकी दोघांत ब्लाँडची प्रत लपलेली असते, एकात ती नसते. दिसायला तिघे सारखेच.

मग राखाडी माशात ब्लाँड लपला आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

त्याची जोडी ब्लाँड माशाशी लावा. लपलेला असेल तर निम्मी पिल्लं ब्लाँड येतील. एक जरी ब्लाँड दिसलं तरी उत्तर मिळालं. एकही आलं नाही, तर किती पिल्लं झाली ते मोजा. लपलेला असूनही सात पिल्लांत एकही ब्लाँड न येण्याची शक्यता १२८ मध्ये १, म्हणजे एक टक्क्याहून कमी. गप्पीचं एक वेत सहसा वीस-तीसचं असतं, म्हणून एका वेतात निकाल लागतो. मादी मात्र कोरी हवी.

काही रंग फक्त बापाकडूनच मुलाकडं जातात, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि गप्पी शास्त्रज्ञांत प्रसिद्ध झाला तो यामुळंच. गप्पीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. मादी एक्स-एक्स, नर एक्स-वाय, माणसासारखंच. १९२० साली डेन्मार्कचे योहानेस श्मिट यांनी नराच्या वरच्या पंखावरचा काळा डाग बापाकडून थेट सगळ्या मुलांकडं जातो असं दाखवलं. हा गुण वाय गुणसूत्रावर होता. पुढं त्यांच्याच देशाच्या ओय्विंद विंगे यांनी असे अनेक रंग शोधून काढले.

आपल्या कामाला याचा फायदा मोठा आहे. कोब्रा, म्हणजे ती सापाच्या कातडीची जाळी, बहुतेक लाइनमध्ये वायवर असते. कोब्रा नराला कुठलीही मादी लावा, मुलं कोब्राच. हाफ ब्लॅक, म्हणजे अंगाचा मागचा अर्धा भाग काळा, हा एक्सवरही सापडतो आणि वायवरही. एक्सवरचा असेल तर मादीचाही मागचा भाग काळपट दिसतो, म्हणून ते ओळखायला सोपं जातं. क्वचित एक्स आणि वायमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते आणि वायवरचा रंग एक्सवर जातो. शंभर पिल्लांत एखादं विचित्र निघालं तर लगेच दुकानदारावर संशय घेऊ नका.

मला ब्लाँड कोब्रा हवा आहे. माझ्याकडं राखाडी कोब्रा नर आणि ब्लाँड मादी आहे. कसं करू?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण यात दोन्ही हिशेब एकत्र येतात.

पहिली पिढी: सगळी राखाडी, पण नर सगळे कोब्रा, आणि सगळ्यांत ब्लाँड लपलेला.

आता दोन वाटा आहेत. भाऊ-बहीण जोडली, तर चारांत एक ब्लाँड आणि ब्लाँडांतले निम्मे नर, म्हणजे आठांत एक मासा तुम्हाला हवा तो. चाळीस पिल्लांत सुमारे पाच. दुसरी वाट म्हणजे पहिल्या पिढीतला चांगला कोब्रा नर परत त्याच्या ब्लाँड आईला लावायचा. मग निम्मी पिल्लं ब्लाँड, त्यांतले निम्मे नर, आणि नर सगळे कोब्रा. चाळीसांत दहा. मी दुसरी वाट घेते, कारण निवडायला दुप्पट मासे मिळतात. आईच्या पोटात जुनं शुक्र उरलेलं असतं हे लक्षात ठेवा. आधीचा नर काढल्यावर जुन्या शुक्राचीच दोन-तीन वेतं येऊ शकतात. म्हणून आईऐवजी तिची एखादी कोरी ब्लाँड बहीण मिळाली तर अधिक चांगलं.

दोन अप्रभावी गुण एकत्र आणता येतात?

येतात, पण पिल्लं जास्त लागतात. ब्लाँडसारखाच गोल्ड हाही वेगळा अप्रभावी गुण आहे. दोन्ही एकत्र आले की मासा क्रीम दिसतो. शुद्ध गोल्ड आणि शुद्ध ब्लाँड जोडले की पहिली पिढी पूर्ण राखाडी. बघणारा म्हणतो, “अहो, दोन फिके मासे लावले आणि गावठी पिल्लं कशी आली?” दोन्ही गुण लपले म्हणून. पुढच्या पिढीत दर सोळांत नऊ राखाडी, तीन गोल्ड, तीन ब्लाँड, एक क्रीम. ऐंशी पिल्लं वाढवली तर क्रीम पाचच्या आसपास. तेवढी जागा नसेल तर या वाटेला जाऊ नका.

फायटरमध्येही हाच तीनास एकचा हिशेब चालतो का?

निळ्या रंगाला नाही चालत, तिथं अपूर्ण प्रभाविता आहे. रॉयल ब्लू फायटर हा मधला प्रकार आहे. त्याच्यात एक प्रत स्टील ब्लूची आणि एक टर्क्वाइजची. दोन रॉयल ब्लू जोडले की निम्मी पिल्लं रॉयल ब्लू, पाव टर्क्वाइज, पाव स्टील ब्लू. सगळी पिल्लं रॉयल ब्लू हवी असतील तर टर्क्वाइजची जोडी स्टील ब्लूशी लावा. हे कळल्यावर राजारामपुरीतल्या एका मुलानं रॉयल ब्लूची ‘शुद्ध लाइन’ करायचा नाद सोडला. तशी लाइन होतच नाही.

कॅलिको, म्हणजे रंगीबेरंगी ठिपक्यांच्या, गोल्डफिशचंही तसंच आहे. कॅलिको कॅलिकोला लावला की निम्मे कॅलिको, पाव चकचकीत खवल्यांचे, पाव जवळजवळ चमक नसलेले. एंजलमध्ये काळ्याची एक प्रत आली तर ब्लॅक लेस, दोन आल्या तर पूर्ण काळा. पूर्ण काळ्याची पिल्लं नाजूक असतात. म्हणून काळ्याला काळा लावण्याऐवजी काळा आणि ब्लॅक लेस जोडतात.

मार्बल फायटरचा हिशेब मांडू नका. त्याच्या मागे उड्या मारणारा जनुकतुकडा आहे, त्यामुळे तोच मासा महिन्यागणिक रंग बदलतो.

भाऊ-बहीण जोडत राहिलं तर मासे खराब होतात म्हणतात. किती पिढ्या चालतं?

नात्यात जोडल्याशिवाय लाइन स्थिर होत नाही, आणि अति केलं तर लाइन संपते. दोन्ही गोष्टी एकाच कारणानं घडतात. सख्ख्या भावंडांची जोडी लावली की पहिल्या पिढीत आंतरप्रजननाचं प्रमाण २५ टक्के, दुसऱ्या सलग पिढीत ३७.५, तिसऱ्या पिढीत ५०. म्हणजे तिसऱ्या पिढीपर्यंत, सुरुवातीच्या जोडीत ज्या जनुकांच्या दोन प्रती वेगळ्या होत्या, त्यांपैकी सरासरी निम्म्यांच्या प्रती सारख्या झालेल्या असतात. चांगला रंग असा पक्का होतो, आणि लपलेले दोषही असेच वर येतात. पाठीला बाक, छोटी वेतं, शेपटी फाटणं, थोडं काही झालं की मरणं.

माझी पद्धत अशी: एकाच मूळ जोडीच्या पिल्लांतून दोन लाइन वेगळ्या करायच्या, ‘क’ आणि ‘ख’. दोन्हींत तीन-चार पिढ्या आतल्या आत निवड. मग क-चा नर आणि ख-ची कोरी मादी. रंग टिकतो आणि अंगात जोर परत येतो. बाहेरचा मासा आणायचाच असेल तर आधी एका टँकपुरता लावून बघा. बाहेरच्या एका सुंदर नरानं पाच पिढ्यांचं काम विस्कटू शकतं.

कुठले मासे ठेवायचे, कधी ठरवायचं?

चौथ्या महिन्याआधी नाही. लवकर रंगणारे नर मोहात पाडतात, पण माझ्याकडं तेच बहुतेक वेळा अंगानं छोटे राहिले. आधी पाठ सरळ आहे का, पोहणं दमदार आहे का ते बघा, मग रंग, मग शेपटी. पाठीला बाक असलेला मासा कितीही सुंदर असो, त्याची जोडी मी लावत नाही. बलून मॉलीही मी करत नाही. तिचं ते गोल अंग म्हणजे आखूड, वाकडा झालेला कणा आहे.

खाद्यानं रंग वाढतो का?

लाल, केशरी आणि पिवळ्याचा काही भाग वाढतो. लालसर रंगाला लागणारी कॅरोटिनॉइड द्रव्यं मासा स्वतः बनवू शकत नाही, ती खाण्यातूनच येतात. स्पिरुलिना, आर्टेमिया, कोळंबीच्या सालाची भुकटी, यांचा फरक दिसतो. निळा मात्र रंगद्रव्याचा नाही. पेशींतल्या बारीक स्फटिकांवरून प्रकाश परततो म्हणून तो निळा दिसतो, खाद्यानं तो उगवत नाही. म्हणून दोन नरांची तुलना करायची असेल तर दोघांना एकाच टँकमध्ये, एकाच खाद्यावर वाढवा. नाहीतर तुम्ही जनुकं निवडताय की डब्यातलं खाद्य, कळणार नाही.

नोंदी खरंच लागतात? माझ्या लक्षात राहतं.

तिसऱ्या पिढीपर्यंत राहतं. त्यापुढं नाही.

माझ्याकडं दुधाच्या हिशेबाची लांबट वही आहे, डेअरीत मिळते तसली. एका ओळीत एक वेत. एक ओळ देते: ‘ख-१७. आई ख-१२ कोरी, बाप क-९. १४ जून. २८ पिल्लं. ब्लाँड ६, राखाडी २२. बाक १.’ एवढंच. टँकवर तोच नंबर मार्करनं. चार वर्षांमागची ओळ बघून मला आज सांगता येतं की बाक कुठल्या बापापासून आला. माझ्याकडून कुणी जोडी नेली की मी वहीच्या त्या ओळीचा फोटोही देते. पैसे देऊन जोडी घेताय, तर विकणाऱ्याकडं तेवढं मागायला संकोचू नका.

प्लॅटी आणि स्वोर्डटेल एकत्र ठेवू का? संकर छान दिसतो.

काळ्या ठिपक्यांचा प्लॅटी असेल तर नको. प्लॅटीत काळ्या रंगपेशींना लगाम घालणारं जनुक असतं, स्वोर्डटेलमध्ये ते नसतं. संकर पुन्हा स्वोर्डटेलला जोडला की काही पिल्लांत लगाम सुटतो आणि काळ्या ठिपक्यांची कर्करोगाची गाठ होते. १९२०च्या दशकाच्या शेवटी मायरन गॉर्डन आणि कुर्ट कॉसविग यांनी हे दाखवलं, आणि कर्करोगाच्या अभ्यासात हे मासे आजही वापरतात.

बाजारात निऑनसारखे चमकणारे मासे मिळतात, तेही निवडीनंच केलेत का?

नाही. त्यांच्यात जेलीफिश किंवा प्रवाळाचं जनुक प्रयोगशाळेत घातलेलं असतं. काही पारदर्शक माशांना सुईनं रंग टोचलेला असतो, तो पुढच्या पिढीत जात नाही आणि माशाला इजा होते. तसे मासे कृपा करून घेऊ नका. नरासारख्या रंगीत गप्पी माद्या दिसल्या तर संप्रेरक दिलेलं असू शकतं. त्यांच्यापासून पिल्लं मिळण्याची खात्री नाही.

निवडून उरलेले मासे रंकाळ्यात सोडले तर?

कृपा करून नको. रंकाळा नको, कळंबा नको, पंचगंगा तर नकोच. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदादचा. डासांच्या अळ्या खातो म्हणून आपल्याकडं आणला, आणि आता सांडपाण्याच्या नाल्यातही तग धरतो. इथल्या माशांची अंडी-पिल्लंही तो खातो. उरलेले मासे शेजाऱ्यांच्या बंद हौदात डासांसाठी द्या, शाळेच्या टँकला द्या, किंवा मिश्र गप्पी म्हणून स्वस्तात द्या. मिश्र आहेत हे मात्र स्पष्ट सांगून.

कोल्हापूरच्या हवापाण्यात काही वेगळी काळजी?

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १५ अंशांच्या आसपास येतो, त्या दिवसांत गच्चीवरची पिल्लं आत घ्या किंवा हीटर लावा. गप्पीला २४ ते २७ अंश बरं. नळाचं पाणी एक रात्र उघड्या बॅरलमध्ये ठेवून मग वापरा.

आणि पावसाचं पाणी थेट घालू नका. २०१९च्या ऑगस्टमध्ये महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, शहराचं नळाचं पाणी बंद पडलं. टँक घाण होत होते आणि मी पन्हाळीचं पावसाचं पाणी धरून निम्मं-निम्मं बदललं. गप्पीला क्षार असलेलं, थोडं जड पाणी लागतं. पावसाच्या पाण्यात क्षार नसतातच. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘क’ लाइनचे सगळे मोठे नर तळाशी होते. पाच पिढ्यांच्या नोंदी वहीत होत्या, मासे नव्हते. ‘ख’ लाइनची काही पिल्लं मी जूनमध्ये मैत्रिणीला दिली होती, तिच्याकडून तीन नर परत आणले आणि तिथून पुन्हा उभं केलं. तेव्हापासून दर पावसाळ्याआधी दोन्ही लाइनच्या सहा-सहा माद्या आणि तीन-तीन नर दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवायला देते. पाणी कमी पडलं तर खाद्य अर्ध्यावर आणते आणि पाणी न बदलता थांबते.

मला सुरुवात करायची आहे. किती टँक, किती वेळ?

पाच टँक: जोडीचा एक, पिल्लांचा एक, नरांचा एक, कोऱ्या माद्यांचा एक, आणि एक रिकामा. रिकामा टँक सगळ्यांत आधी भरून ठेवावासा वाटतो, तो भरू नका. एखादी जोडी अचानक वेगळी करायची वेळ येतेच. एक गुण घ्या, ब्लाँड किंवा कोब्रा, आणि वर्षभर तेवढाच धरा. वर्षात तीन पिढ्या होतात. ब्लाँड घेतला तर पहिल्या पिढीत काहीच दिसत नाही, दुसरीत चारांत एक दिसतो, तिसरीत निवडायला मासे मिळतात. दुसऱ्या पिढीची पिल्लं चौथ्या आठवड्यात वेगळी करायला घरी कुणी नसेल, तर मला कळवा. मी येऊन हात लावीन, टॉर्च आणि ग्लास घेऊन.